अनेक छायाचित्रे एकाच आज्ञेने लहान करणे

प्राथमिक शाळेच्या दप्तरात अलीकडे एका नव्या जिनसाची भर पडली आहे, ती म्हणजे छायाचित्रांची. झेंडावंदन, पोषण आहार, वृक्षारोपण, पालकसभा, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, यांपैकी कोणताही प्रसंग झाला की चार-दोन छायाचित्रे घ्यावयाची व अहवालाबरोबर वर पाठवावयाची, असा रिवाज पडला आहे. छायाचित्र घेणे मुळीच अवघड नाही. अडचण येते ती पाठविताना. गावातील इंटरनेट मंद, छायाचित्राची फाइल अवजड, आणि पुष्कळदा संकेतस्थळही ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी फाइल स्वीकारीत नाही. मग शिक्षक एकेक छायाचित्र उघडतो, लहान करतो, नव्या नावाने ठेवतो आणि पुढचे उघडतो. पन्नास छायाचित्रे असली तर तेच काम पन्नास वेळा. ज्या कामात दुसऱ्या खेपेपासून बुद्धीला काही करावयाचे उरत नाही, ते काम यंत्राकडे सोपविण्यास हरकत नसावी. शाळेतील संगणकावर लिनक्स असेल, तर कळफलकावरून दिलेल्या एका आज्ञेने ही पन्नासच्या पन्नास छायाचित्रे लहान करता येतात. ती कशी, आणि ती करताना कोणत्या दोन-तीन ठिकाणी सावध राहावयाचे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम छायाचित्र ‘लहान’ करणे म्हणजे काय ते पाहू. ठिपक्यांची रांगोळी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. संगणकातील छायाचित्र हे असेच आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या ठिपक्यांचे असते. मात्र येथे रेषा नसून प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग असतो. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. हल्लीच्या भ्रमणध्वनीचे एक सामान्य छायाचित्र आडवे ४,००० व उभे ३,००० पिक्सेल असते. गुणाकार केला असता १ कोटी २० लाख पिक्सेल भरतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी तांबडा, हिरवा व निळा असे तीन अंक, म्हणजे तीन बाइट, लागतात. अर्थात एका छायाचित्राला ३ कोटी ६० लाख बाइट. जेपीजी या पद्धतीत हा मजकूर पुष्कळ संकोचून ठेवतात, म्हणून फाइल प्रत्यक्षात काही एमबींचीच दिसते; तरीही अहवालास जोडण्याच्या कामी ती फार मोठी होय.

आता हेच छायाचित्र आडवे १,०२४ व उभे ७६८ पिक्सेल केले, तर एकूण पिक्सेल ७ लाख ८६ हजार ४३२ होतात. लांबी चौपटीपेक्षा किंचितच कमी घटली, पण पिक्सेलची संख्या पंधरा पटींहून अधिक घटली. बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाई होते, हे आपण वर्गात चौरस कागदावर शिकवितो. त्याचाच हा प्रत्यय आहे. क्षेत्रफळाच्या पाठाला असे जिवंत उदाहरण सहसा मिळत नाही, म्हणून संगणक हाताशी असेल तर वरच्या वर्गातील मुलांना ते अवश्य दाखवावे.

हे काम करणाऱ्या साधनाचे नाव इमेजमॅजिक. १९८७ साली अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायन कंपनीत जॉन क्रिस्टी हे संगणकतज्ज्ञ काम करीत असता, लाखो रंगांची चित्रे अवघे २५६ रंग दाखवू शकणाऱ्या पडद्यावर कशी दाखवावीत, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्याच्या उत्तरादाखल जे लिहिले गेले, ते १९९० साली सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतरच्या वर्षी, १९९१ साली, फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला, व पुढे ही दोन्ही एकत्र नांदू लागली. दोन्हींना मूल्य द्यावे लागत नाही आणि जुन्या संगणकावरही ती बरी चालतात. केरळ राज्यात २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअरचाच मार्ग धरला, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

इमेजमॅजिक संगणकावर नसल्यास ते एकदा बसवून घ्यावे लागते. उबुंटू अथवा डेबियन जातीच्या लिनक्सवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल इमेजमॅजिक’ ही आज्ञा दिली की काम होते. त्या वेळी इंटरनेट लागते व संगणक परवलीचा शब्द विचारतो. तो टंकीत असता पुष्कळ संगणकांच्या पडद्यावर काहीच उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. यामुळे कळफलक बिघडला असे समजून पुष्कळ जण थांबतात. तसे न करता शब्द पुरा टंकून एंटरची कळ दाबावी.

येथे एक खुलासा अवश्य आहे. लिनक्सच्या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत व अंक इंग्रजी आकड्यांत टंकावे लागतात. खाली त्या उच्चाराप्रमाणे दिल्या असून जेथे घोटाळा संभवतो तेथे अक्षरे सांगितली आहेत. फोल्डरचे नाव मात्र देवनागरीत ठेवले तरी लिनक्सला त्याचे वावडे नाही.

ज्या फोल्डरात छायाचित्रे आहेत तो उघडून मोकळ्या जागी माउसची उजवी कळ दाबावी आणि ‘ओपन इन टर्मिनल’ निवडावे. काळी किंवा जांभळट चौकट उघडते. हेच टर्मिनल. आपण योग्य ठिकाणी आहोत ना, हे पाहण्यासाठी ‘एल-एस’ ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबावे. छायाचित्रांच्या नावांची यादी दिसली पाहिजे. न दिसल्यास पुढे जाऊ नये.

त्यानंतर लहान प्रती ठेवण्यासाठी एक नवा फोल्डर करावयाचा. त्याची आज्ञा ‘एम-के-डी-आय-आर’, आणि तिच्यापुढे एक जागा सोडून फोल्डरचे नाव. आपण ‘लहान’ असे नाव ठेवू. हा टप्पा किरकोळ वाटतो. परंतु सगळ्या लेखात याहून महत्त्वाची गोष्ट नाही, आणि तिचे कारण मुख्य आज्ञा पाहिल्यावर ध्यानी येईल. ती आज्ञा अशी:

मॉग्रिफाय -पाथ लहान -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ '१०२४एक्स१०२४>' -स्ट्रिप -क्वालिटी ८२ *.जेपीजी

पहिला शब्द एम-ओ-जी-आर-आय-एफ-वाय. ‘रूपांतर कर’ एवढाच त्याचा अर्थ. या मॉग्रिफायचा स्वभाव असा की, दुसरे काही सांगितले नाही तर ते मूळ छायाचित्रावरच लहान केलेले छायाचित्र लिहून टाकते. मूळ प्रत कचऱ्याच्या टोपलीतही सापडत नाही, कारण ती टाकलेली नसून पुसलेली असते. असे करू का, म्हणून ते विचारीतही नाही. ‘-पाथ लहान’ या दोन शब्दांनी आपण त्याला बजावतो की, लहान प्रती ‘लहान’ फोल्डरात ठेव व मूळ छायाचित्रांना हात लावू नकोस. पाथ म्हणजे पी-ए-टी-एच. आज्ञा टंकून झाल्यावर एंटर दाबण्यापूर्वी हा शब्द आहे की नाही, हे बोट ठेवून पाहावे.

मूळ प्रत गेली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. अहवाल तर गेला! त्यांनी चौथीच्या मुलांचे निरोपसमारंभाचे छायाचित्र डोळ्यांपुढे आणावे. चाळीस मुले दहा-दहांच्या चार रांगांत उभी आहेत. छायाचित्र ४,००० पिक्सेल रुंद असता प्रत्येक मुलाच्या वाट्याला सुमारे ४०० पिक्सेलची रुंदी येते. त्यात चेहरा दीडशे पिक्सेलचा धरला तरी डोळे, हसू, कपाळावरची खोकसुद्धा ओळखू येते. तेच छायाचित्र १,०२४ पिक्सेलचे केले की चेहऱ्याला चाळीसच्या आसपास पिक्सेल उरतात. पडद्यावर ते ठीक दिसते. पण उद्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात ते भिंतीवर लावावयाचे ठरले तर? चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात, म्हणजे १,०२४ पिक्सेलचे छायाचित्र जेमतेम साडेतीन इंच रुंद छापता येईल. गेलेले पिक्सेल कोणत्याही यंत्राने खरोखर परत आणता येत नाहीत; यंत्र मधली जागा अंदाजाने भरून काढते, आणि माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत अंदाज उपयोगाचा नाही. त्यातले एखादे मूल पुढे गाव सोडून गेलेले असते, कोणाच्या घरी त्या वयाचे दुसरे छायाचित्रच नसते. अशा घराला शाळेतील मूळ प्रत हाच आधार. समूहछायाचित्र पाठवावयाचेच असेल, तर त्यापुरती मर्यादा १,०२४ ऐवजी २,००० धरावी, असे सुचवावेसे वाटते.

आता ‘रिसाइझ’, म्हणजे आर-ई-एस-आय-झेड-ई. त्यापुढील दोन आकडे व मधले एक्स हे अक्षर ही एक चौकट आहे. छायाचित्र या चौकटीत मावेल इतके लहान करावे, एवढेच आपण सांगतो. प्रमाण इमेजमॅजिक स्वतःच राखते. म्हणून चौकट चौरस असली तरी छायाचित्र चौरस होत नाही. आडव्या छायाचित्राची लांबी १,०२४ होते, उभ्याची उंची १,०२४ होते, दुसरी बाजू त्रैराशिकाने ठरते.

आकड्यांनंतरचे ‘>’ हे चिन्ह आपण गणितात ‘पेक्षा मोठे’ म्हणून शिकवितो. येथेही तोच अर्थ आहे: चौकटीपेक्षा मोठी असतील तेवढीच छायाचित्रे लहान कर, आधीच लहान असलेली ताणून मोठी करू नकोस. परंतु या चिन्हाला टर्मिनलमध्ये दुसराही एक अर्थ आहे. अवतरणचिन्हाबाहेर ते आले तर टर्मिनल समजते की, ‘जे काही निष्पन्न होईल ते पुढे लिहिलेल्या नावाच्या फाइलीत साठवावे’. आपल्या आज्ञेत त्याच्यापुढचा शब्द आहे ‘-स्ट्रिप’. तेव्हा अवतरणचिन्हे विसरली, तर ‘-स्ट्रिप’ नावाची एक रिकामी फाइल तयार होते, स्ट्रिपची आज्ञा गळून पडते, आणि बाकीचे काम मात्र कसलीही तक्रार न होता पार पडते. छायाचित्रे लहान झालेली दिसतात, म्हणून संशय येत नाही. दोष उघडपणे दिसला तर तो सुधारता येतो. हा दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. अशी रिकामी फाइल फोल्डरात आढळली तर अवतरणचिन्हे राहिली असे समजावे, ती ‘आर-एम’ या आज्ञेपुढे तिचे नाव टिंब व तिरपी रेघ यांच्या मागे जोडून, म्हणजे ‘./-स्ट्रिप’ असे लिहून, काढून टाकावी, आणि काम पुन्हा करावे.

स्ट्रिप गळल्याने असे काय अनर्थ होते? याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाने लक्षपूर्वक वाचावे. भ्रमणध्वनी छायाचित्र घेतो तेव्हा चित्राबरोबर एक अदृश्य टिपणही लिहितो. त्यात दिनांक, वेळ, भ्रमणध्वनीची जात आणि, स्थाननोंद चालू असल्यास, ते ठिकाण अक्षांश-रेखांशांसह नमूद असते. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. त्याचा ३,६०० वा भाग, म्हणजे एक सेकंद, सुमारे ३१ मीटर. टिपणातील नोंद सेकंदाच्याही अंशांपर्यंत जाते. म्हणजे गाव तर कळतेच, घरही कळते. शाळेच्या आवारातील छायाचित्राने विशेष बिघडत नाही, शाळा कोठे आहे हे सर्वांस ठाऊकच असते. पण शाळाबाह्य मुलांच्या शोधार्थ अगर सतत गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या चौकशीसाठी आपण गृहभेटीस जातो, तेथे तिचे छायाचित्र घेतो, आणि ते अहवालातून, समाजमाध्यमांतून हातोहात पसरते. त्या मुलीचा चेहरा व तिच्या घराची वाट या दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत अनोळखी माणसाच्या हाती पडतात. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. कायदा नसता तरी हे टिपण पुसणे शिक्षकाचे कामच ठरले असते. ते ‘स्ट्रिप’ पुसते. एस-टी-आर-आय-पी.

मात्र या टिपणात एक उपयुक्त गोष्टही असते. भ्रमणध्वनी उभा धरून छायाचित्र घेतले, तरी पुष्कळदा आत ते आडवेच साठविले जाते व ‘दाखविताना उभे करावे’ अशी नोंद टिपणात केली जाते. टिपण पुसले की ही नोंदही जाते आणि सावधान स्थितीत उभी असलेली मुले आडवी झालेली दिसतात. याकरिता स्ट्रिपच्या आधी ‘ऑटो-ओरिएंट’ ठेवावयाचे. नोंद वाचून ते चित्र खरोखरच फिरवून ठेवते. मग नोंद गेली तरी चालते. टंकताना ए-यू-टी-ओ, मध्ये आडवी रेघ, मग ओ-आर-आय-ई-एन-टी. हा क्रम उलटा करू नये.

‘क्वालिटी ८२’ याविषयी थोडक्यात. हा शेकडा नव्हे. संकोचन किती कठोर करावे याचे ते एक माप आहे, १ पासून १०० पर्यंतचे. ऐंशीच्या आसपास ठेवल्यास डोळ्यांना फरक जाणवत नाही व फाइल बरीच हलकी होते. कागदपत्रांचे, हजेरीपटाचे, फळ्यावरील अक्षरांचे छायाचित्र असेल तर ९० ठेवावे, कारण जेपीजीच्या संकोचनात अक्षरांच्या कडा प्रथम धुरकटतात. आणखी असे की, जेपीजी फाइल बदलून पुन्हा साठविली की प्रत्येक वेळी तिचा थोडा कस जातो. म्हणून लहान केलेल्या प्रतीवरून आणखी लहान प्रत न काढता नेहमी मूळ प्रतीवरूनच काढावी.

शेवटची फुली, म्हणजे ताराचिन्ह, याचा अर्थ ‘कोणतेही नाव’. ‘*.जेपीजी’ म्हणजे ज्यांच्या नावाअखेर टिंब व जे-पी-जी ही अक्षरे आहेत अशा सर्व फाइली. पन्नास छायाचित्रांना एक आज्ञा पुरते ती या एका चिन्हामुळे. पण लिनक्स लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानते. काही कॅमेरे ही तीन अक्षरे मोठी लिहितात, तर काही ठिकाणी मध्ये ई घालून चार अक्षरे केलेली असतात. अशा फाइली या आज्ञेतून निसटतात. त्यांच्यासाठी केवळ शेवटचा शब्द बदलून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. वरच्या दिशेचा बाण दाबला की मागील आज्ञा आपोआप येते, सबंध टंकावी लागत नाही. काही नवे भ्रमणध्वनी एचईआयसी नावाच्या निराळ्याच प्रकारात छायाचित्रे साठवितात. त्यांच्या मांडणीत जेपीजीचा पर्याय निवडून ठेवणे हा सोपा उपाय.

काम यथास्थित झाले तर टर्मिनल काहीच बोलत नाही, नुसती पुढची ओळ मांडते. तरी पडताळा घ्यावा. ‘आयडेंटिफाय लहान/*.जेपीजी’ असे विचारले असता प्रत्येक प्रतीचे नाव व लांबी-रुंदी समोर येते. ‘डी-यू’ ही आज्ञा ‘-एस-एच’ या जोडअक्षरांसह, मधली रेघ न देता, ‘लहान’ फोल्डरावर चालविली की सगळ्यांचे मिळून किती एमबी झाले ते कळते. आणि स्थाननोंद गेली ना, हे पाहण्यासाठी गृहभेटीचे एखादे छायाचित्र घेऊन ‘आयडेंटिफाय -व्हर्बोस’, पुढे त्या फाइलीचे नाव, मग उभी रेघ, मग ‘ग्रेप -आय जीपीएस’ असे लिहावे. आधी मूळ प्रतीवर व नंतर लहान प्रतीवर चालवून पाहावे. मूळ प्रतीत नोंद असेल तर अक्षांश-रेखांशांच्या ओळी दिसतील. लहान प्रतीत एकही ओळ दिसता कामा नये.

छायाचित्र व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून लहान करून घेण्याची युक्ती काही शिक्षक वापरतात. ती चुकीची नाही, पण किती लहान करावयाचे हे त्यात आपल्या हाती राहत नाही, आणि पन्नास छायाचित्रे पुन्हा उतरवून घेण्याचा व्याप उरतोच.

इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीपासून सर्व आज्ञांच्या आधी ‘मॅजिक’ हा शब्द लावण्याची पद्धत आली आहे. त्यात शेवटचे अक्षर के असते. एखाद्या संगणकावर नुसते मॉग्रिफाय चालले नाही, तर ‘मॅजिक मॉग्रिफाय’ असे लिहून पाहावे. एकदा बरोबर उतरलेली आज्ञा एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवून द्यावी व दर वेळी तेथून उचलून टर्मिनलमध्ये चिकटवावी. चिकटविण्यासाठी टर्मिनलमध्ये कंट्रोल व व्ही यांच्या जोडीला शिफ्टचीही कळ दाबावी लागते.